घरी बांधलेले विमान उतरवताना: अपघात टाळण्याची आणि झाल्यास पुढे करण्याची कामे

अमेरिकेत ज्या विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी व्यक्तीने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला असतो, त्याला तेथील हवाई नियामक संस्था एफएए ‘प्रायोगिक, हौशी बांधणीचे’ या वर्गात प्रमाणपत्र देते. बोलण्यात यालाच ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या मंडळाने २०१२ मध्ये अशा विमानांचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार देशातील एकूण लहान विमानांमध्ये त्यांचा वाटा सुमारे १० टक्के होता, परंतु २०११ मधील एकूण अपघातांत तो सुमारे १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के होता. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, अपघात झालेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने त्या वेळच्या मालकाने बांधलेली नव्हती. ती त्याने बांधणाऱ्याकडून किंवा मधल्या मालकाकडून विकत घेतलेली होती.

कारखान्यातून आलेली एकाच मॉडेलची दोन विमाने उतरताना जवळजवळ सारखीच वागतात. सुट्या भागांच्या एकाच प्रकारच्या किटमधून दोन गॅरेजमध्ये तयार झालेली दोन विमाने मात्र तशी वागतीलच असे नाही. एकाचे चाक अर्धा अंश आत वळलेले असते, दुसऱ्याच्या वेगमापकात पाच नॉटची चूक असते, तिसऱ्यात मालकाने जड रंग आणि चामड्याच्या आसनांची हौस केलेली असते. त्यामुळे पुढील मार्गदर्शन धावपट्टीवरून नव्हे, तर हँगरमधून सुरू केले आहे.

हँगरमधील मोजमाप

पहिले काम वजनाचे. विमान उड्डाणातील पातळीवर सरळ ठेवून तिन्ही चाकांखाली काटे ठेवावेत आणि प्रत्येक वजनाला आधाररेषेपासूनच्या अंतराने गुणून गुरुत्वमध्य काढावा. येथपर्यंत सारे जण करतात. चूक होते ती पुढच्या पायरीवर, कारण हिशेब बहुधा उड्डाणाच्या वेळच्या भरलेल्या टाक्या धरून केला जातो. ज्या रचनांत पंखांतील टाक्या गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे असतात, त्यांत इंधन जळत जाते तसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. निघताना मर्यादेत असलेले विमान मागे सामान आणि शेजारी धडधाकट सहप्रवासी असेल, तर दोन तासांनी उतरताना मर्यादेच्या मागच्या काठावर येऊन बसते. अशा वेळी विमान चालवण्याची दांडी हाताला हलकी लागते आणि नाक गरजेपेक्षा पटकन वर येते. म्हणून उतरण्याच्या वेळी टाकीत जेवढे इंधन उरेल, ते धरून दुसरा हिशेब स्वतंत्रपणे लिहून काढावा.

दुसरे काम चाकांच्या दिशेचे. दोन्ही मुख्य चाकांना लांब सरळ पट्ट्या टेकवून त्या विमानाच्या मध्यरेषेशी किती कोन करतात, हे दोन्ही बाजूंना मोजावे. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. विमान डावीकडे भरकटू लागले की भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकावर येतो. ते चाक आतल्या बाजूला वळलेले असेल, तर ते विमानाला डावीकडेच आणखी ढकलते आणि भरकटणे आपोआप वाढत जाते. विमानाचा पाय (चाकाला जोडणारा दांडा) आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारख्या पातळ शिम घालून ही चूक दुरुस्त करता येते. एका दुपारचे हे काम पुढे ढकलणारे लोक नंतर पंखाचे टोक आणि ऐलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) बदलण्यात सारा हिवाळा घालवतात.

नाकचाकाच्या विमानांत चाकाचा फोर्क (चाक धरणारा चिमटा) जमिनीपासून किती उंच आहे, हे पाहावे. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या नाव ‘ए’ने संपणाऱ्या जुन्या मॉडेलांत, उदाहरणार्थ आरव्ही-६ए मध्ये, नाकचाकाचा दांडा मागे वाकून फोर्कचा खालचा भाग मातीत रुतल्याचे आणि विमान पाठीवर उलटल्याचे अपघात वारंवार घडले. पुढे कंपनीने जमिनीपासून अधिक उंची राखणारा सुधारित फोर्क उपलब्ध केला. जुने विमान विकत घेणाऱ्याने हा बदल झाला आहे की नाही, हे लॉगबुकात न शोधता चाकाखाली वाकून स्वतः पाहावे. टायरमधील हवा कमी असणे ही येथे किरकोळ बाब नसते, कारण हवा कमी झाली की ती उंचीही तेवढीच कमी होते. मोकळ्या फिरणाऱ्या नाकचाकाला बाजूला वळवण्यासाठी किती जोर लागतो, हे स्प्रिंगकाट्याने मोजून बांधणीपुस्तिकेतील आकड्याशी ताडावे. तो जोर कमी असेल, तर चाक थरथरू लागते.

ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे धरतात की नाही, हे सावकाश चालवून पाहिले की झाले. पॅडल स्पंजासारखे दबत असेल, तर नळीत हवा आहे.

वेग स्वतःचा, दुसऱ्याचा नव्हे

घरगुती विमानात वेगमापकाचा आकडा काही काळ संशयितच मानावा. स्थिर हवेचा दाब घेणारे छिद्र कोठे आहे, ते पत्र्याशी समतल आहे की किंचित उठलेले आहे, यावर आकडा बदलतो. उंचीवर एकच दर्शनी वेग राखून चार दिशांना, प्रत्येकी ९० अंशांच्या फरकाने उडावे आणि जीपीएसवरील चार वेगांची सरासरी घ्यावी. वाऱ्याचा परिणाम त्यात बराचसा निघून जातो. उंची आणि तापमान यांची दुरुस्ती केली की यंत्र किती खोटे बोलते, ते कळते.

त्यानंतर भरपूर उंचीवर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या, उतरताना खाली सोडायच्या पट्ट्या) पूर्ण खाली आणि इंजिन मंद ठेवून विमान हळूहळू स्टॉलपर्यंत, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल सुटेपर्यंत, न्यावे आणि त्या क्षणी यंत्रावर दिसलेला आकडा कागदावर लिहावा. अंतिम टप्प्याचा वेग म्हणजे या आकड्याच्या १.३ पट. ५० नॉटला स्टॉल होणाऱ्या विमानासाठी तो ६५ नॉट येतो. आकडा स्वतःच्याच यंत्रावर घेतल्याचा लाभ असा की यंत्राची चूक दोन्हीकडे असल्यामुळे ती पुष्कळशी आपोआप सांभाळली जाते. किटच्या माहितीपत्रकातील किंवा त्याच मॉडेलच्या मित्राच्या विमानातील स्टॉलचा वेग वापरण्यात ही सोय नसते.

घाबरलेला वैमानिक वेग वाढवतो, हे स्वाभाविक आहे, परंतु त्याची किंमत माहीत असावी. ६५ ऐवजी ७५ नॉटने आल्यास गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढून एक तृतीयांशाने अधिक होते. ती ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते: आधी धावपट्टीवर लांबपर्यंत तरंगत राहण्यात, मग ब्रेकमध्ये आणि तेवढ्यानेही न जिरल्यास कुंपणात.

नव्या विमानाला सुरुवातीचा चाचणीकाळ पूर्ण करावा लागतो; प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी असल्यास तो साधारणतः २५ तासांचा आणि नसल्यास ४० तासांचा असतो. या काळात हौसेखातर प्रवासी नेता येत नाही. बांधणीत पाच-सात वर्षे गेलेल्या माणसाचा उड्डाणाचा हात गंजलेला असतो, हे तो स्वतः सहसा मान्य करत नाही. त्याने पहिल्या उड्डाणापूर्वी त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात प्रशिक्षकाबरोबर उतरण्याचा सराव करावा. ईएए ही १९५३ मध्ये स्थापन झालेली हौशी बांधणाऱ्यांची संस्था यासाठी अनुभवी उड्डाण-सल्लागार मिळवून देते.

विकत घेतलेल्या विमानाच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. बांधणाऱ्याने एखादी कळ किंवा झडप स्वतःच्या सोयीने भलत्याच जागी बसवलेली असू शकते. गायक जॉन डेन्व्हर यांचा १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात ज्या लाँग-ईझी विमानात मृत्यू झाला, त्यात इंधनाची टाकी बदलण्याची मूठ वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे होती आणि विमान त्यांनी नुकतेच विकत घेतले होते. तो अपघात उतरतानाचा नव्हता, पण धडा येथेही लागू होतो: डोळे मिटून प्रत्येक मुठीपर्यंत हात पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नये.

अंतिम टप्पा

वाऱ्याचा हिशेब हवेत करत बसण्यापेक्षा तीन आकडे पाठ ठेवावेत. वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर आडवा भाग निम्मा, ४५ अंशांना सुमारे सात दशांश आणि ६० अंशांना जवळजवळ नऊ दशांश. म्हणजे १६ नॉटचा वारा ३० अंशांतून आला तर आडवा भाग ८ नॉटचा. पहिल्या काही तासांसाठी स्वतःची मर्यादा कमी ठरवून ती लिहून ठेवावी आणि ती ओलांडली जात असेल, तर दुसऱ्या धावपट्टीवर जावे.

शेवटचे वळण घेताना धावपट्टीची रेषा ओलांडली गेली, तर रडरने (शेपटीवरील उभ्या सुकाणूने) नाक आत ओढण्याचा मोह होतो. कमी वेगात, कमी उंचीवर हीच कृती विमानाला गिरकीत टाकते. वळण ढिले पडले की लगेच थ्रॉटल पुढे करून पुन्हा फेरी मारावी. त्याचप्रमाणे ३०० फुटांवर वेग, उतार आणि रेषा या तिन्हींपैकी एक जरी बिघडलेली असेल, तर उतरू नये. हा निर्णय जमिनीवर असतानाच घेऊन ठेवावा, कारण हवेत तो घेताना अभिमान आड येतो.

टेकण्याच्या क्षणी विमानाची मध्यरेषा आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल एकाच दिशेने असली पाहिजे. थोडे जोरात टेकलेले विमान पायांची स्प्रिंग सहन करते. तिरके टेकलेले विमान मात्र पायाच्या मुळाशी असलेल्या बोल्टांवर आडवा ताण आणते.

उसळी आणि जमिनीवरील गिरकी

विमान उसळले की नाक खाली दाबणे, ही प्रतिक्रिया जवळजवळ प्रत्येकाच्या हातात असते आणि तीच चुकीची असते. नाक दाबले की विमान नाकचाकावर पडते, तेथून अधिक उंच उसळते आणि तिसऱ्या उसळीपर्यंत नाकचाक, प्रोपेलर आणि फायरवॉल (इंजिनामागची आडवी भिंत) या तिन्हींचा हिशेब होतो. लहान उसळीत नाकाची स्थिती तशीच धरून किंचित पॉवर द्यावी आणि पुन्हा टेकू द्यावे. उसळी मोठी असेल, तर पूर्ण पॉवर देऊन निघून जावे. दुसऱ्या उसळीनंतर सावरण्याचा विचारच करू नये.

शेपटीच्या चाकाच्या विमानांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, म्हणून एकदा शेपूट बाजूला सरकली की ती पुढे येण्याचीच खटपट करते. दांडी पूर्ण मागे, ऐलेरॉन वाऱ्याच्या दिशेने आणि रडरच्या पॅडलवरचे पाय सतत चालू ठेवावेत. रडर अपुरा पडू लागला, तरच विरुद्ध बाजूचा ब्रेक टोचावा. वळण हाताबाहेर गेल्यावर पॉवर देऊन उडून जाण्याचा प्रयत्न करू नये, कारण तोवर विमानाचे तोंड दिव्यांकडे किंवा हँगरकडे वळलेले असते. धावपट्टी सुटून मऊ गवतात शिरल्यास ब्रेक सोडावा आणि दांडी पोटाशी ओढून धरावी. ओल्या मातीत ब्रेक दाबला, तर विमान नाकावर उभे राहते आणि तेथून उलटते.

थांबल्यानंतरची पहिली दोन मिनिटे

मिक्श्चर (इंजिनाला मिळणारे इंधन-हवेचे मिश्रण) बंद, इंधनाची झडप बंद, मॅग्नेटो (इंजिनातील ठिणगी) बंद, मास्टर (विजेची मुख्य कळ) बंद. हा क्रम महिन्यातून एकदा हँगरमध्ये बसून, डोळे मिटून म्हणत करावा.

विमान उलटले असेल, तर पट्टा सोडण्यापूर्वी एक हात छताला घट्ट टेकवावा आणि पाय रोवावेत. अपघातात खरचटलेही नाही आणि पट्टा सोडल्यावर डोक्यावर पडून मान दुखावली, असे होऊ नये. उलट्या विमानाची सरकणारी कॅनपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) बहुधा उघडत नाही. म्हणून तिचे पर्स्पेक्स फोडण्याचा जड, टोकदार हातोडा किंवा हत्यार हाताच्या टप्प्यात बांधून ठेवावे, सामानाच्या कप्प्यात नव्हे. बाहेर पडल्यावर वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून दूर जावे, म्हणजे धूर आणि इंधनाची वाफ मागे राहील.

विमानात रॉकेटने उघडणारे पॅराशूट असेल आणि ते उडालेले नसेल, तर मदतीला आलेल्या प्रत्येकाला ते कोठे आहे, हे आधी सांगावे. बचाव करणाऱ्याने पत्रा कापताना त्या केबलला हात लावला, तर दुसरा अपघात होतो. आपत्कालीन संकेत पाठवणारे यंत्र सुरू झाले असल्यास आणि मदत पोहोचली असल्यास ते बंद करून संबंधितांना कळवावे. जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झच्या यंत्रांचे संकेत उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणे बंद केले आहे, त्यामुळे विकत घेतलेल्या विमानात ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र आहे का, हेही आधीच पाहिलेले असावे.

‘मला काही झाले नाही’ असे म्हणून घरी जाऊ नये. सरळ खाली आदळलेल्या विमानात पाठीच्या मणक्याला चेपल्यासारखे फ्रॅक्चर होऊ शकते आणि ते सुरुवातीला केवळ आखडल्यासारखे वाटते. क्ष-किरण तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी. हिचा संबंध प्रकृतीइतकाच कायद्याशीही आहे, तो पुढे येतो.

कळवायचे कधी आणि कोणाला

प्रत्येक तुटलेले विमान कायद्याने ‘अपघात’ ठरत नाही. अमेरिकेतील नियम ८३० नुसार उड्डाणाच्या हेतूने विमानात बसल्यापासून सर्व जण उतरेपर्यंतच्या काळात कोणाचा मृत्यू किंवा गंभीर इजा झाली, अथवा विमानाचे भरीव नुकसान झाले, तर तो अपघात. भरीव नुकसान म्हणजे रचनेची ताकद, कामगिरी किंवा उड्डाणातील वागणूक यांवर विपरीत परिणाम करणारे आणि सामान्यतः मोठी दुरुस्ती किंवा तो भाग बदलणे भाग पाडणारे नुकसान. विमानाचे पाय, चाके, टायर, ब्रेक, फ्लॅप, पंखांची टोके, पत्र्यावरील पोचे आणि जमिनीवर लागून वाकलेला प्रोपेलर हे मात्र त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे.

येथे बरेच जण अर्धे वाचून थांबतात. विमानाचा पाय मोडणे वगळलेले असले, तरी तोच पाय मोडताना फायरवॉल चुरगळली किंवा मुख्य स्पारजवळचा (पंखातील तुळईजवळचा) पत्रा सुरकुतला, तर ते नुकसान भरीव होऊ शकते. तसेच बोटे आणि नाक यांची साधी फ्रॅक्चर सोडून कोणतेही हाड मोडणे ही गंभीर इजा मानली जाते. म्हणजे विमान जवळजवळ शाबूत असूनही मणका चेपला असेल, तर तो कळवण्याजोगा अपघात ठरतो. तपासणी न करता घरी गेलेल्या वैमानिकाला हे आठवड्याने कळते.

अपघात असेल, तर एनटीएसबीला ताबडतोब कळवावे लागते आणि लेखी अहवाल १० दिवसांच्या आत द्यावा लागतो. विमानाखेरीज इतरांच्या मालमत्तेचे नुकसान २५,००० डॉलरहून अधिक झाल्यासही ताबडतोब कळवणे बंधनकारक आहे. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. भारतात ही माहिती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय आणि विमान अपघात तपास विभाग यांच्याकडे द्यावी लागते. आपल्याकडे अशी विमाने मोजकीच असली, तरी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले सहा आसनी विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मुंबईत मांडले गेले आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, तेव्हा हा विषय मराठी वाचकाला परका राहिलेला नाही.

खुणा पुसण्यापूर्वी

धावपट्टी मोकळी करण्याची घाई विमानतळाच्या व्यवस्थापकाला असते आणि ती समजण्यासारखी आहे. तरीही कळवण्याजोग्या अपघातात जखमींना काढणे, अवशेषांचे आणखी नुकसान टाळणे किंवा लोकांना इजा होऊ न देणे, या कारणांशिवाय विमान हलवता येत नाही. हलवावेच लागले, तर आधी छायाचित्रे, रेखाचित्र आणि टिपणे तयार करावीत. फ्लॅपची मूठ, ट्रिम (दांडीवरचा जोर कमी करणारी मांडणी), झडपा, कळा आणि प्रत्येक टाकीतील इंधन यांची नोंद करावी. डिजिटल पॅनेल पुन्हा सुरू करू नये, कारण त्यातील जुनी नोंद नव्या नोंदीखाली जाऊ शकते.

जमिनीवरील प्रोपेलरच्या खुणा फार बोलक्या असतात आणि पहिल्या पावसात नाहीशा होतात. त्यांतील अंतर टेपने मोजावे. दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ८० वेळा पाते खाली येते. ६० नॉटच्या वेगात, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ मीटर पुढे जाताना, दोन खुणांतील अंतर साधारण ३९ सेंटिमीटर येते. इंजिन ९०० फेऱ्यांवर मंद असेल, तर हेच अंतर एक मीटरच्या वर जाते. आपण पॉवर दिली होती की नव्हती, याबद्दल वैमानिकाची आठवण आणि जमीन यांच्यात मतभेद झाला, तर जमिनीवर विश्वास ठेवावा. स्वतःचे निवेदन मात्र त्याच संध्याकाळी, हँगरमधील जाणकारांची मते ऐकण्यापूर्वी लिहावे.

दुरुस्ती

प्रोपेलर जमिनीला लागला असेल, तर पात्याची धार घासून पुन्हा उडण्याचा विचार मनातून काढावा. लायकमिंग या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या ५३३ क्रमांकाच्या सेवापत्रकात अशा प्रसंगी इंजिन उघडून करावयाची तपासणी सांगितली आहे. क्रँकशाफ्टचा बाहेरचा कडा डायल गेजवर सरळ दिसला, म्हणजे मागच्या टोकाचा गिअर आणि त्याची पिन शाबूत आहेत, असे होत नाही. रोटॅक्सच्या इंजिनांत गिअरबॉक्स हा धक्का काही अंशी पेलतो, पण म्हणून त्याचीही तपासणी टळत नाही.

रचनेची तपासणी विमानाचे पाय जेथे बसतात तेथून सुरू करून बाहेरच्या दिशेने न्यावी. इंजिनाच्या चौकटीतील वेल्ड रंगद्रवाने तपासावेत, बोल्टांची छिद्रे लांबट झाली आहेत का ते मोजावे आणि फायरवॉलवरील सुरकुत्या तिरप्या प्रकाशात पाहाव्यात. फायबरच्या सांगाड्यावर नाण्याने टकटक करत जावे; जेथे आवाज बसका येतो, तेथे थर सुटलेले असतात. लाकडी स्पारमध्ये तंतूंना आडव्या जाणाऱ्या बारीक रेषा शोधाव्यात. त्या वार्निशखाली केसासारख्या दिसतात, पण स्पार तेथे चेपून मेलेला असतो.

अमेरिकेत अशा विमानाची दुरुस्ती कोणीही करू शकतो, मात्र दर १२ महिन्यांची स्थिती-तपासणी सामान्यतः बांधणाऱ्या दुरुस्तक-प्रमाणपत्रधारकाने किंवा परवानाधारक मेकॅनिकने करावी लागते. विकत घेणाऱ्या मालकाला विमानासोबत ते प्रमाणपत्र मिळत नाही. दुरुस्तीत पायांची रचना किंवा प्रोपेलरचा प्रकार बदलला असेल, तर तो मोठा बदल ठरून विमान सामान्यतः किमान ५ तास पुन्हा चाचणीकाळात जाते. वजन, गुरुत्वमध्य, चाकांचे कोन आणि स्टॉलचा वेग हे चारही आकडे त्या वेळी नव्याने घ्यावेत आणि जुने पान फाडून न टाकता त्यावर तारीख घालून रेघ मारावी. पहिली तीन-चार उतरणी वारा शांत असताना, लांब धावपट्टीवर, एकट्यानेच करावीत आणि प्रत्येक उतरणीनंतर कव्हर काढून पायांच्या बोल्टांवर रंगवलेली खूण सरकली आहे का, ते पाहावे.